सांधेरोपण एकच, संधिवात अनेक

गुडघा दुखू लागला की ‘वात भरला’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना कळ येते, सप्तशृंगगडाच्या सुमारे पाचशे पायऱ्यांचा विचारही नकोसा होतो आणि एके दिवशी डॉक्टर सांधा बदलण्याचा सल्ला देतात. मग घरात चर्चा सुरू होते ती खर्चाची. कृत्रिम सांधा कोणत्या कंपनीचा घ्यायचा, शस्त्रक्रिया नाशिकलाच करायची की मुंबई-पुण्याला जायचे, यावर चार जणांची मते घेतली जातात. सांधा नेमका कोणत्या आजाराने निकामी झाला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक शस्त्रक्रियेनंतर वेदना किती कमी होतील, हालचाल किती सुधारेल आणि कोणता धोका अधिक आहे, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

‘वात’ एक नव्हे

हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. चरकसंहितेत संधिगत वात आणि वातरक्त यांची वेगवेगळी वर्णने आहेत, तर आमवाताचे स्वतंत्र विवेचन माधवनिदानात आढळते. आधुनिक वैद्यकात संधिवाताचे शंभराहून अधिक प्रकार मानले जातात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे व स्नायूंच्या तक्रारी असल्याचे दिसले. झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, ५.८ टक्क्यांच्या आसपास होता, तर आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सुमारे अर्धा टक्का होता. आमवाताचे रुग्ण संख्येने कमी असले तरी त्यांचे सांधे तरुण वयात निकामी होऊ शकतात.

झिजेचा संधिवात

सांधेरोपण करून घेणाऱ्यांमध्ये या रुग्णांची संख्या सर्वाधिक असते. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, हाडावर हाड घासू लागते आणि पाय धनुष्यासारखा बाक घेतो. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघाही बदलला. हे सांधेही झिजेनेच बिघडलेले होते. या शस्त्रक्रियेचे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले.

आजार मुख्यतः त्या सांध्यापुरता असल्याने येथे निष्पत्ती सहसा चांगली असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के आणि संपूर्ण खुबारोपणांपैकी सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. मात्र सांधा टिकणे आणि रुग्ण समाधानी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुडघा बदललेल्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाचे पूर्ण समाधान होत नाही, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. क्ष-किरण चित्रात झीज किरकोळ असताना घाईने शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण अधिक असते. वेदनेचे मूळ कंबरेत वा अन्यत्र असेल, तर नवा गुडघा ती कशी घालवणार?

आमवात

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बोटे, मनगटे, खांदे, गुडघे, पाऊल असे अनेक सांधे एकाच वेळी सुजतात. अशा रुग्णाचा गुडघा बदलल्यावर वेदनेतील आराम झिजेच्या रुग्णाइतकाच, कधी त्याहूनही अधिक जाणवतो. चालण्याफिरण्याची क्षमता मात्र तितकी वाढेलच असे नाही, कारण घोटा, पाऊल आणि हात आजारीच राहतात. नवा गुडघा उत्तम बसूनही मनगटाच्या दुखण्यामुळे वॉकर धरता येत नाही, असे घडू शकते.

धोक्यांतही फरक आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खुबारोपणानंतर दोन वर्षांत सांधा निखळण्याचे प्रमाण झिजेच्या रुग्णांत सुमारे १.२ टक्के, तर आमवाताच्या रुग्णांत सुमारे २.५ टक्के होते. गुडघारोपणानंतरच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण अनुक्रमे ०.८ व १.३ टक्क्यांच्या आसपास आढळले. धोका दीडपट-दुप्पट असला, तरी बहुसंख्य रुग्णांना यातले काहीच होत नाही, हेही याच आकड्यांवरून स्पष्ट होते.

येथे औषधांचे नियोजन कळीचे ठरते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपणतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २०१७ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०२२ मध्ये ती सुधारली. त्यानुसार मेथोट्रेक्सेटसारखी औषधे शस्त्रक्रियेच्या काळात सहसा चालू ठेवतात. बायोलॉजिक गटातील बहुतेक इंजेक्शनांचा मात्र एक डोस वगळून मग शस्त्रक्रियेची तारीख ठरवतात. स्टिरॉइड आधीच शक्य तितके कमी करणे इष्ट, पण ते स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. मानेच्या वरच्या मणक्यांत आमवात शिरलेला असल्यास भूल देताना मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून भूल देण्यापूर्वी मानेची क्ष-किरण तपासणी करून घेणे हिताचे.

कण्याचा संधिवात

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा कण्याचा संधिवात बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. काही रुग्णांचे खुबे पूर्णपणे आखडतात, कधी हाडे एकमेकांना जुळून जातात. बसता-उठता न येणाऱ्या तरुणाला खुबारोपणानंतर पुन्हा खुर्चीत बसता येते, तेव्हा झालेला पालट मोठा असतो. पण ताठ झालेल्या कण्यामुळे कमरेतून भूल देणे आणि श्वासनलिकेत नळी घालणे, दोन्ही अवघड होते. कणा व ओटीपोटाची हालचाल नसल्याने कृत्रिम खुबा बसवताना त्याचा कोन विशेष काळजीने साधावा लागतो. नव्या सांध्याभोवती नको तेथे हाड तयार होण्याची शक्यताही असते. शिवाय तिशीतल्या रुग्णाला आयुष्यात पुन्हा एकदा सांधा बदलावा लागेल, हे गृहीतच धरावे लागते.

इतर कारणे

सोरायसिसच्या संधिवातात शस्त्रक्रियेच्या जागी त्वचेवर चट्टे नाहीत ना, हे पाहावे लागते. त्वचा आटोक्यात आणून मगच शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर असते. अपघातातील जुन्या अस्थिभंगानंतर बिघडलेल्या सांध्यात आधीच्या पट्ट्या, स्क्रू आणि व्रण असतात. त्यामुळे शस्त्रक्रिया लांबते आणि संसर्गाचा धोकाही वाढतो. रक्तपुरवठा खंडित होऊन खुब्याचा गोळा खचण्याच्या विकारामागे दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड वा अतिमद्यपान ही कारणे अनेकदा असतात. खुबा बदलला तरी मूळ कारण कायम राहिले, तर दुसरा खुबाही त्याच वाटेने जाऊ शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून निदान सांध्याच्या किमतीबाबत रुग्णाला काही आधार मिळाला. डॉक्टरांना विचारायचे खरे प्रश्न मात्र निराळे आहेत. माझा संधिवात नेमका कोणता? तो सध्या आटोक्यात आहे का? दाहाचा संधिवात असेल, तर संधिवाततज्ज्ञ आणि शल्यविशारद यांचे परस्परांत बोलणे झाले आहे का? कोणते औषध कधी थांबवायचे आणि पुन्हा कधी सुरू करायचे? माझ्या बाबतीत वेदना, चालणे व जिना यांपैकी कशात किती सुधारणा अपेक्षित आहे? मधुमेह अनियंत्रित असेल किंवा तंबाखूचे सेवन चालू असेल, तर शस्त्रक्रिया काही काळ पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते. केवळ वजन जास्त आहे म्हणून मात्र ती अडवून ठेवू नये, असे आता तज्ज्ञ सांगतात.

मांडी घालणे, उकिडवे बसणे ही आपल्याकडील रुग्णांची स्वाभाविक इच्छा असते. ती प्रत्येकाची पूर्ण होत नाही आणि काहींना तिची सक्त मनाईच असते. याची कल्पना आधीच मिळालेली बरी. झिजेचा संधिवात असलेली एखादी व्यक्ती नव्या गुडघ्यांनी गडाच्या पायऱ्या सावकाश चढूही शकेल. आमवाताची रुग्ण कदाचित गडावर २०१८ पासून सुरू असलेल्या ट्रॉलीनेच वर जाईल, पण वेदनेशिवाय देवीसमोर उभी राहील. आजार लक्षात घेतला, तर या दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वीच म्हणायला हव्यात. शेजारणीचा गुडघा कसा झाला यावरून आपल्या गुडघ्याचा अंदाज बांधण्याआधी, तिचा आणि आपला संधिवात एकच आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे.