पंचगंगेकाठचं पोलिश गाव

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालं की थोड्याच अंतरावर वळिवडे लागतं. जवळून पंचगंगा वाहते. १९४३ ते १९४८ या काळात इथं एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं. वस्ती सुमारे पाच हजार, त्यात बायका-मुलंच जास्त. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, सगळं होतं.

ही माणसं इतक्या लांब आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरनं पश्चिमेकडून आणि सोव्हिएत फौजांनी पूर्वेकडून पोलंड वाटून घेतला. पूर्व भागातल्या लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलं गेलं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांच्या सुटकेचा मार्ग निघाला. १९४२ मध्ये एक लाखाहून जास्त पोलिश इराणात पोहोचले. इस्फहानला तर ‘पोलिश मुलांचं शहर’ असं नावच पडलं. त्यांतले काही पुढं कराचीमार्गे वळिवड्याला आले.

युद्ध संपलं, तरी बहुतेकांना घर उरलं नव्हतं. त्यांची गावं नव्या नकाशात सोव्हिएत हद्दीत गेली होती. बरेच जण ब्रिटन आणि इतर देशांत पांगले. मग या जागेत फाळणीनं सिंधमधून उखडलेली हिंदू कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारपेठेचं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. अशा माणसाला उर्दूत ‘मुहाजिर’ म्हणतात, मराठीत ‘निर्वासित’. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तिसरा शब्द चालतो, ‘प्रकल्पग्रस्त’. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आणि नर्मदाकाठची इतर गावं गेली. तिथली आदिवासी कुटुंबं तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत आली.

मक्का सोडून आलेल्यांना मदीनेच्या अन्सारांनी घरात घेतलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण वसाहतीतल्या मुलाला नाव विचारायच्या आधी ‘तू बुडितातला का?’ असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत.

वळिवड्याचं पोलिश गाव पाच वर्षांत उठलं. तरी तिथं वाढलेली मुलं म्हातारपणी कोल्हापूरला भेट द्यायला येत राहिली. आपल्या शेजारच्या वसाहतीतली मुलं मोठी होऊन आपली आठवण कशी काढतील, हे मात्र आपल्या आजच्या वागण्यावर ठरणार आहे.