आनंदी चित्रकाराची काळी बोट

कलेच्या इतिहासात आनंदी चित्रकाराची उपेक्षा ठरलेलीच. ज्याच्या चित्रांत दुःख दिसत नाही, त्याच्यापाशी खोलीही नसावी, असा एक समज रूढ आहे. फ्रान्सचा राउल द्युफी हा या समजाचा ठळक बळी होय. निळा समुद्र, पांढरी शिडे, वाऱ्यावर फडफडणारे बावटे, बंदरातला सणाचा दिवस ही त्याची दुनिया. तेव्हा 'गोड चित्रे काढणारा' एवढे म्हणून त्याची बोळवण करणे समीक्षकांना सोपे गेले. मुरगावच्या धक्क्यावर बोटी लागताना पाहत वाढलेल्या आमच्या सभासदांना तो अधिक जवळचा वाटेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

द्युफीचा जन्म १८७७ साली ल हाव्र या बंदरात झाला. भावंडे नऊ, घरात संगीताची आवड मोठी आणि पैशाची चणचण कायमची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि कॉफी आयात करणाऱ्या पेढीवर तो नोकरीस लागला. १८९५ पासून दिवसा नोकरी व रात्री कलाशाळेचे वर्ग, असा क्रम सुरू झाला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर पॅरिसचे श्रीमंत हवापालटास येत, तो किनारा या मुलाने पोटापाण्यासाठी राबता राबता पाहिला. हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या चित्रांतील हर्षाचा अर्थ लागत नाही. १९०० साली शिष्यवृत्ती मिळून तो पॅरिसला गेला.

१९०५ मध्ये मातीसचे एक चित्र पाहून त्याची दृष्टीच पालटली. पुढच्याच वर्षी मार्के या मित्रासमवेत तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर भडक रंगांत झेंडे आणि तंबू रंगवू लागला. चित्रे मात्र बेताचीच खपत. १९१२ पासून सोळा वर्षे त्याने लियाँच्या रेशमी कापडासाठी नक्षीकाम केले. हे काम कमी प्रतीचे, असे त्याने कधी मानले नाही; उलट ठशाच्या छपाईतून रंग आणि रेषा यांची फारकत त्याला उमगली असावी. याविषयी एक आख्यायिका सांगतात. ओंफ्लरच्या धक्क्यावर लाल झग्यातली एक मुलगी धावत गेली. तिची आकृती विरली, तरी लाल रंग डोळ्यांत रेंगाळत राहिला. द्युफीच्या चित्रांत रंग रेषेबाहेर सांडलेला असतो, तो हलगर्जीपणाने नव्हे.

१९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने विजेची गाथा रंगविली. दहा मीटर उंच, साठ मीटर लांब, अडीचशे फळ्यांवरचे ते अवाढव्य काम! याच सुमारास संधिवाताने त्याला ग्रासले. ज्याची रेषा इतकी सहज धावे, त्याचीच बोटे आखडू लागली. १९४४ च्या सप्टेंबरात ब्रिटिश विमानांच्या बाँबवर्षावात ल हाव्रचा मध्यभाग बेचिराख झाला आणि द्युफीचे बालपणीचे गाव नाहीसे झाले.

त्यानंतरच्या वर्षांत तो वारंवार एकच चित्र रंगवू लागला: उपसागर, आणि त्यात शिरणारी काळी मालवाहू बोट. काळ्या रंगात रेषा खरवडून त्याने बोटीची डोलकाठी, दोर, धुराडे काढले. भर माध्यान्हीच्या सूर्याकडे पाहिले की डोळ्यांपुढे काळोख येतो, म्हणून प्रकाशाची परिसीमा काळीच, असे तो मानी. काही जाणकार या बोटीत मरणाची चाहूल पाहतात. तेही खरे असेल. पण त्या काळ्या डागाभोवती किनाऱ्यावर माणसे हिंडत असतात, लाटा खेळत असतात, आणि निळा रंग यत्किंचितही फिका झालेला नसतो.

१९५० साली बोस्टन येथे कॉर्टिझोन या तेव्हाच्या नव्या औषधाने त्याची बोटे पुन्हा सैल झाली. १९५२ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक त्याला लाभले. २३ मार्च १९५३ रोजी, समुद्रापासून दूर फोर्काल्किए या डोंगराळ गावी, त्याचे निधन झाले. काळ्या बोटीची मालिका तोवर चालूच होती.