शिकार्‍याचा रेनकोट आणि भामरागडचा पाऊस

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्रीचा कॉल संपता संपता आमच्या क्लायंटकडच्या एका सहकार्‍याने मला एक प्रश्न टाकला. हा गडी अमेरिकेत कोलोराडोला राहतो आणि दर सप्टेंबरात आठवडाभर डोंगरात एल्कच्या शिकारीला जातो (तिकडे त्याचा रीतसर परवाना मिळतो). म्हणाला, "तुमच्याकडे चार महिने पाऊस असतो ना? मग सांग, स्वस्त, आवाज न करणारा आणि घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावेल असा रेनकोट कुठला घेऊ? तुमच्याकडचे शिकारी काय घालायचे?"

मी म्हटलं, सांगतो. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्याला काहीच माहीत नाही!

माझी पावसाशी ओळख म्हणजे पुण्याहून शनिवारी राजमाची, रविवारी घरी आणि सोमवारी ऑफिसात शिंका. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो ऐकताच मला भामरागड आठवलं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये कॉलेजच्या एका मित्राबरोबर तिकडे गेलो होतो. मित्र चंद्रपूरचा. आलापल्लीहून भामरागडकडे निघालो की साठेक किलोमीटर दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. गावाजवळच इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या एकत्र येतात. नदीपलीकडे छत्तीसगड.

तिथल्या एका दादांबरोबर आम्ही सकाळी जंगलातल्या पायवाटेने निघालो. चितळ दिसतील अशी आशा होती. माझ्या अंगावर खास या ट्रिपसाठी घेतलेला चकचकीत रेनकोट. प्रत्येक पावलाला खस्स खस्स, हात हलवला की चर्र. तासभर काहीच दिसलं नाही. शेवटी दादा थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जनावर कसं दिसन जी? तुमचा कोटच बोलून राहिला ना." मित्र हसून हसून बेजार. "काय बे, लाऊडस्पीकर घालून आला का?"

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या दादांच्या वाक्याचा आणि त्या अमेरिकन प्रश्नाचा केलेला पाठलाग.

पावसात शिकार करतंय कोण?

पहिला धक्का हा की आमच्याकडच्या शिकार्‍यांनी रेनकोटचा प्रश्न सोडवलाच नव्हता. त्यांना तो फारसा पडलाच नव्हता!

विल्फ्रिड ग्रिगसन नावाच्या आयसीएस अधिकार्‍याने १९३८ साली बस्तरच्या माडिया गोंडांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. बस्तर म्हणजे भामरागडच्या समोरचाच मुलूख, आणि माणसंही तीच, माडिया. त्यात सामुदायिक पारधीचं वर्णन येतं ते उन्हाळ्यातलं, पेरणीआधीच्या बियाण्याच्या सणाच्या, म्हणजे पंडुमच्या सुमाराचं. विचार केला तर साधं आहे. उन्हाळ्यात पानगळ झालेली असते, लांबवर दिसतं. पाणवठे मोजकेच उरतात, जनावर तिथेच येतं. पावसाळ्यात झुडपं माजतात, नाले फुगतात आणि मुख्य म्हणजे शेतीचं काम असतं. सगळा गाव भाताच्या मागे.

इंग्रज साहेबांचंही तेच. मध्य प्रांतातले अधिकारी दौर्‍यावर निघायचे पावसाळा संपल्यावर, आणि वाघाच्या शिकारीला पसंती उन्हाळ्याला. पावसाळ्यात जंगल म्हणजे चिखल आणि मलेरिया. तेव्हा साहेब मुख्यालयात गुपचूप बसायचा.

म्हणजे आपल्याकडे पावसावरचा उपाय कापडात नव्हता, कॅलेंडरात होता. जिथे पाऊस हा ऋतू नसून रोजची कटकट आहे, त्या युरोपातच शिकार्‍याला पावसाचा कपडा लागला. आल्प्समधल्या शिकार्‍यांचा लोडन बघा. लोकर विणायची, पाण्यात मळून आटवायची, मग वरून ब्रश मारून तिचे तंतू उभे करायचे. पाणी वरच्या लवेवरून ओघळून जातं आणि फांदीला घासलं तरी आवाज नाही.

हे वाचताना मला आपली घोंगडी आठवली. दख्खनी मेंढीची लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली. पाऊस आला की तिचीच खोळ करून धनगर डोक्यावर घेतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला फारशी ओली लागत नाही. आवाज तर शून्य. पण एकदा का पूर्ण भिजली, की ती घेऊन चालणं म्हणजे ओलं मेंढरू खांद्यावर घेण्यासारखं. घडी करून पिशवीत मावायचा तर प्रश्नच नाही.

मग पावसात बाहेर कोण होतं?

ज्यांना कॅलेंडर बघून घरी बसता येत नव्हतं ते. रोवणी करणार्‍या बाया, गुराखी, डाकवाले, जंगलखात्याचे गार्ड.

त्यांच्यासाठी होतं इरलं. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मधे दाबून बसवलेली पळसाची किंवा तसलीच रुंद पानं. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते, दोन्ही हात मोकळे. वाकून रोपं लावायची तर यापेक्षा चांगलं डिझाइन मला तरी सुचत नाही. छत्री धरली तर एक हात गेला, आणि रेनकोट घालून दिवसभर वाकलं तर आत घामाचा पाऊस. कोकणात इरलं, नदीपलीकडे छत्तीसगडात डोक्यावरच्या बांबूच्या टोपीला खुमरी. कल्पना किती जुनी असावी? आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी'जवळही विणलेल्या गवताची एक वस्तू होती, आणि ती त्याची पावसाळी झूल असावी असं काही संशोधकांचं मत आहे.

इरल्याला पैसे लागत नव्हते. पण फुकट म्हणावं तर तेही खरं नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवलं. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते गवत आहे, हे आपण शाळेत शिकलो, पण कायदा शाळेत गेला नव्हता :) झाड झालं म्हणजे ते लाकूड, आणि लाकूड म्हणजे सरकारी माल. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे गावाचा त्यावर हक्क मानला. १९२७ च्या व्याख्येतून तो वगळला गेला २०१७ साली. तब्बल ९० वर्षं! आपल्या रेनकोटाचा कच्चा माल परसात उगवतोय आणि तोडायला परवानगी लागते, असा प्रकार.

कारखान्यातला पाऊस

आता दुसरी बाजू. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने पेटंट घेतलं. डांबरातून निघणार्‍या नॅप्थात रबर विरघळवायचं आणि ते दोन कापडांच्या मधे सँडविचसारखं भरायचं. पाणी पूर्ण बंद. पण थंडीत कोट पत्र्यासारखा ताठ, उन्हात चिकट, आणि वासाची तर विचारायलाच नको. पुढे १८४० च्या दशकात गंधक घालून रबर पक्कं करायची युक्ती (व्हल्कनायझेशन) आली आणि कोट सुसह्य झाला. पण बाहेरचं पाणी अडवणारं रबर आतला घामही अडवतं, हा बग तसाच राहिला.

आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस अमेरिकेत शिकून आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात वॉटरप्रूफ कापडाचा स्वदेशी उद्योग सुरू केला. त्यांचा 'डकबॅक' हा ब्रँड. घरातल्या मोठ्यांना विचारा, शाळेतला तो जडशीळ रेनकोट आणि त्याचा वास त्यांना अजून आठवेल.

मग आलं प्लास्टिक. पॉलिथिन इंग्लंडमध्ये १९३३ साली अपघाताने सापडलं. त्याने जगभरच्या गरिबाचा पावसाळा बदलला, हे माझं मत. भामरागडच्या वाटेवर शेतात रोवणीला वाकलेल्या बाया मी पाहिल्या, त्यांच्या पाठीवर इरलं नव्हतं, प्लास्टिकचा कागद होता. स्वस्त आहे, खिशात मावतो, खराब झाला की फेकला. पण आवाज विचारू नका.

चौथा टप्पा म्हणजे ज्याच्यासाठी आपण ट्रेकिंगवाले पगार उडवतो तो. १९६९ साली बॉब गोर याने टेफ्लॉनच्या जातीचं पॉलिमर झटक्यात ताणलं आणि त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. गोर-टेक्स बाजारात आलं १९७६ मध्ये. कंपनी सांगायची की छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा २० हजार पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा ७०० पट मोठं. म्हणजे घाम बाहेर, पाऊसही बाहेर. पण पापुद्रा नाजूक, म्हणून त्यावर घट्ट विणीचं गुळगुळीत नायलॉन. आणि तेच तर खस्स खस्स करतं! हरणांना आपल्यापेक्षा उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. आपल्याला जी कुजबुज वाटते ती त्यांना धोक्याची घंटा.

यावर शिकारी कपड्यांच्या कंपन्यांनी काय केलं? त्या पापुद्र्यावर ब्रश मारून लव काढलेलं विणलेलं कापड चढवलं. म्हणजे पुन्हा लोडन, पुन्हा घोंगडी! दोनशे वर्षं फिरून लवेवरच आले. शांतता लवेतून येते, आणि लव म्हटली की ती पाणी धरणार, जड होणार, जास्त जागा खाणार. आपल्या प्रोजेक्टमध्ये म्हणतात ना, लवकर, स्वस्त आणि चांगलं यातली कुठलीही दोन निवडा, तसंच हे. इरलं स्वस्त, पण घडी होत नाही. घोंगडी शांत, पण पिशवीत मावत नाही. प्लास्टिक स्वस्त आणि मावणारं, पण बडबडं. आणि लव चढवलेला पापुद्रा घ्यायला गेलात तर महिन्याचं घरभाडं गेलं.

पण शिकारीचं काय?

भामरागडचं नाव घेऊन शिकारीवर लिहायचं आणि ही गोष्ट टाळायची, हे बरोबर नाही. भामरागडला लागूनच हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. प्रकाशकाकांनी अनेकदा सांगितलेली गोष्ट आहे. शिकारीवरून परतणार्‍या माडियांकडे मेलेलं माकड होतं आणि त्याला बिलगलेलं जिवंत पिल्लू. त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं, आणि तिथून पुढे प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. ती शिकार हौसेची नव्हती, पोटाची होती, हे तेही आवर्जून सांगतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ पूर्ण बंद झाली. २००६ चा वनहक्क कायदा जंगलावरचे बरेच परंपरागत हक्क मान्य करतो, शिकारीचा मात्र स्पष्ट शब्दांत वगळतो. तेव्हा आज भामरागडच्या पावसात मुकाट चालणारा माणूस शिकारी नाही. तो गस्तीवरचा वनरक्षक असतो, गोळ्या घेऊन निघालेली आशाताई असते, नाहीतर बाजाराला निघालेलं कुटुंब.

आणि तिथला पाऊस म्हणजे गंमत नाही. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षं पावसाळ्यात बुडायचा आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटायचा. २०१९ च्या पावसाळ्यात तर पाणी भामरागडच्या बाजारपेठेत शिरलं. आजारी माणसाला खाटेवर घालून नाले ओलांडावे लागतात, अशा बातम्या गडचिरोलीतून येत राहतात. ती खाट खांद्यावर घेणार्‍याने काय घालायचं, यावर एकाही कंपनीने संशोधन केलेलं माझ्या वाचनात नाही. त्याला इरलं चालणार नाही, खांद्याला अडेल. छत्री चालणार नाही. उरतो तो प्लास्टिकचा कागद, गळ्याशी गाठ मारलेला.

दादांच्या खांद्यावरही तोच होता. पाऊस नसताना ते तो चौघडी करून काखेत धरायचे, जोराची सर आली की पांघरून झाडाखाली स्तब्ध उभे राहायचे. सर गेली की पुन्हा घडी. चालताना अंगावर फक्त सुती सदरा, भिजला तर भिजला. आवाज प्लास्टिक करत नाही, प्लास्टिक घालून चालणारा करतो. हे माझ्या डोक्यात उतरायला दोन वर्षं आणि एक अमेरिकन प्रश्न लागला.

मग मी त्या सहकार्‍याला मेल लिहिली. चालताना लोकर किंवा फ्लीस घाल, पिशवीत एक स्वस्त पातळ पाँचो ठेव, जोराची सर आली की पांघरून उभा राहा. मात्र तिकडे थंडी आहे, त्यामुळे पूर्ण भिजून बसू नकोस आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड जपून ठेव. खर्च कमी, आवाज कमी. ही युक्ती भामरागडच्या एका माणसाची आहे, माझी नाही, हेही लिहिलं.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. एल्क दिसलं नाही म्हणे, पण माणूस कोरडा परतला. मला अर्थातच एल्कसाठी जास्त आनंद झाला :)

असो. तुमच्या आजोळी माळ्यावर एखादं जुनं इरलं पडलं असेल तर बघा, आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणतात तेही कळवा. माझा चकचकीत कोट आता फक्त बाइकवर वापरतो. तिथे बोलला तरी चालतो.