घरदुरुस्तीचे अंदाजपत्रक संगणकावर करताना

सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या भागांत नव्या इमारती उभ्या राहिल्या, तरी छोट्या बांधकाम ठेकेदाराचे बरेचसे काम आजही जुन्या घरांत असते. माळवद काढून स्लॅब टाकणे, शहाबादी फरशी उखडून टाइल्स बसविणे, यंत्रमाग हलविल्यावर मोकळ्या झालेल्या खोलीचे स्वयंपाकघर करणे, गळका हौद दुरुस्त करणे, ही ती कामे. कुंभारी येथे विडी कामगारांसाठी २००६ मध्ये दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. अशा लहान घरांतही कुटुंब वाढले की ओटा, मोरी, जिना, पोटमाळा यांची मागणी येतेच.

या कामांची रक्कम मोठी नसते. पण घरमालकाने ती भविष्यनिर्वाह निधीतून, भिशीतून किंवा दागिने गहाण ठेवून उभी केलेली असते. ठेकेदाराकडेही तोटा सोसण्याइतके भांडवल नसते. त्यामुळे अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तरी एका बाजूला अर्धवट न्हाणीघर राहते आणि दुसऱ्या बाजूला गवंड्याचा पगार थकतो. डायरीच्या पाठीमागे ‘चौरस फुटाला इतके’ असे लिहून उक्ता आकडा सांगण्याची पद्धत सोडून अनेक जण संगणकाकडे वळतात, ते या कारणाने. बाजारात अंदाजपत्रकाची सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. मात्र त्यांपैकी बहुतेक नव्या बांधकामासाठी किंवा परदेशातील लाकडी घरांसाठी बनलेली आहेत, हे निवड करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

जुने काम वेगळे का?

नव्या बांधकामात नकाशा हाच हिशेबाचा पाया असतो. दुरुस्तीत नकाशा बहुधा नसतोच; भिंत फोडल्यावर आत काय निघेल तेही ठाऊक नसते. गिलाव्याचेच उदाहरण घ्या. सॉफ्टवेअर १२ मिलिमीटर जाडी गृहीत धरते. दगड-मातीच्या दोन फुटी जुन्या भिंतीचा उंचसखलपणा भरून काढताना ती जाडी सहज २५ मिलिमीटरवर जाते. म्हणजे एक ब्रास भिंतीला ०.११ घनमीटर मसाला लागेल असे धरलेले असते आणि प्रत्यक्षात ०.२३ घनमीटर लागतो. सिमेंट आणि वाळू दुपटीहून अधिक, गवंड्याचे दिवसही अधिक. जाडी, मसाल्याचे प्रमाण आणि मजुरी हे घटक प्रत्येक कामापुरते बदलता येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी जुन्या पेठांतील ठेकेदाराच्या उपयोगाचे नाही.

तीच गोष्ट पाडकामाची. पाडलेल्या भिंतीचा मलबा मूळ आकारमानाच्या सुमारे दीडपट होतो. अरुंद बोळात ट्रॅक्टर शिरत नसेल तर तो घमेल्याने नाक्यापर्यंत वाहावा लागतो. पाडकाम, वाहतूक, शेजारच्या घराला टेकू देणे, वापरते घर झाकून ठेवणे यांना स्वतंत्र बाबी म्हणून जागा आहे की नाही, हे पाहावे. परदेशी प्रणालींत पाडकामाचा विभाग चांगला असतो. आपल्याकडील कित्येक प्रणालींत तो नावापुरता असतो, असे दिसते. भिंत काढणे किंवा मजला चढविणे यांसारख्या रचनात्मक बदलांना महापालिकेची परवानगी आणि संरचना अभियंत्याचा सल्ला लागतो. काळ्या मातीवरील पायाची घरे या शहरात पुष्कळ आहेत. तेव्हा अभियंत्याचे शुल्क ही बाब अंदाजपत्रकात मागाहून घुसडण्याची नव्हे.

ब्रासचा प्रश्न

आपल्याकडे वाळू आणि खडी ब्रासमध्ये येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. गिलावा किंवा फरशीच्या बाबतीत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. सिमेंट गोणीत, सळई किलोत, टाइल्स पेटीत आणि मजुरी कधी रोजावर तर कधी फुटावर. सरकारी दरसूची मात्र मीटरमध्ये. एकच सॉफ्टवेअर या सगळ्यांत अचूक ये-जा करू शकले पाहिजे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. तेथे १० धरून चालणारे लोक आहेत आणि त्यांना सात टक्क्यांची खोट कोठून आली ते कळत नाही.

मोजमापाचे नियमही महत्त्वाचे आहेत. भारतीय मानक १२०० नुसार गिलाव्यात अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करायची नसते. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दारा-खिडक्यांची वजावट दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची करायची असते. त्याहून मोठ्या झरोक्याची दोन्ही बाजूंची करून कडा वेगळ्या मोजायच्या असतात. प्रणाली हा नियम पाळते की सरसकट सर्व झरोके वजा करते, हे दहा मिनिटांत तपासता येते. घरमालकाशी होणाऱ्या वादांतील मोठा भाग या वजावटीवरून होतो, म्हणून कोणता नियम लावला हे कोटेशनच्या तळाशी छापलेले बरे.

एक छोटे गणित करून पाहावे. सात फूट बाय पाच फुटांचे न्हाणीघर, भिंतीला सात फूट उंचीपर्यंत टाइल्स. परीघ २४ फूट, भिंत १६८ चौरस फूट. अडीच बाय सातचे दार वजा जाता १५०.५, त्यात जमिनीचे ३५ मिळवून १८५.५. तोडीची घट दहा टक्के धरली तर २०४ चौरस फूट. पण दुकानदार पेटी फोडून देत नाही. भिंतीची आणि जमिनीची टाइल वेगळी असते, त्यामुळे पूर्ण पेट्यांचा हिशेब दोनदा वर सरकतो. हे आपोआप करणारी प्रणाली आणि न करणारी प्रणाली यांतील फरक एका न्हाणीघरात किरकोळ वाटतो. वर्षभराच्या कामांत तो जाणवतो.

दर कोणाचे?

अनेक भारतीय प्रणाली सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर आधारलेल्या असतात. दरसूचीतील बाबींची वर्णने अत्यंत काटेकोर असतात आणि ती उचलून वापरावीत. दर मात्र जसेच्या तसे घेऊ नयेत. ते सरकारी कामासाठी असतात, त्यांत ठेकेदाराचा नफा धरलेला असतो, आणि तिसऱ्या मजल्यावरील एका मोरीच्या दुरुस्तीला ते लागू पडत नाहीत. आर. एस. मीन्ससारखी अमेरिकी दरकोशांची परंपरा मोठी आहे. तेथील घरदुरुस्ती करणाऱ्यांना त्याचा लाभ होतो. सोलापूरच्या बिगाऱ्याची रोजंदारी त्यात मिळणार नाही. विम्याच्या दाव्यांसाठी तेथे नावाजलेली एक्झॅक्टिमेट ही प्रणालीही आपल्या कामाची नाही.

म्हणजे दरकोश स्वतःच तयार करावा लागतो. त्यासाठी प्रत्येक दरापुढे तारीख आणि दुकान किंवा पुरवठादार नोंदविण्याची सोय हवी. वाळूचे भाव लिलाव, पावसाळा आणि कृत्रिम वाळूची उपलब्धता यांवर हलतात. सळईचे तर महिन्याला. तीन महिन्यांपूर्वीचा दर लाल रंगात दाखविणारी सोय ज्या प्रणालीत आहे, तिला अधिक गुण द्यावेत. रोजंदारीचा हिशेब करताना गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, लग्नसराई आणि उन्हाळ्यातील दुपारी धरता येतील असे स्वतःचे कामाचे दिवस ठरविता आले पाहिजेत. वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय असलेल्या या शहरात, क्युरिंगसाठी टँकरचा खर्च हीदेखील एक बाब असते.

नफा आणि कर

‘मार्कअप’ आणि ‘मार्जिन’ हे दोन शब्द सॉफ्टवेअरच्या एकाच चौकटीत शेजारी बसलेले असतात. दोन लाखांच्या खर्चावर २० टक्के मार्कअप लावला की किंमत २ लाख ४० हजार होते आणि विक्रीच्या मानाने नफा १६.६७ टक्केच पडतो. २० टक्के मार्जिन हवे असेल तर किंमत अडीच लाख व्हायला हवी. दहा हजारांचा हा फरक म्हणजे एका गवंड्याचे कित्येक दिवसांचे रोज. आपण कोणती चौकट भरतो आहोत हे न पाहता आकडा टाकणे धोक्याचे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. मालासह घेतलेल्या घरदुरुस्तीच्या कामावर सर्वसाधारणपणे १८ टक्के कर लागतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती सहसा नसते. ५० लाखांपर्यंतच्यांना २०१९ पासून सहा टक्क्यांची कंपोझिशन योजना उपलब्ध आहे, पण तीत ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही. या तिन्ही स्थितींची कोटेशने वेगवेगळी दिसतात आणि प्रणालीने ती वेगवेगळी काढून द्यावीत. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांच्या प्रणालीत कराचा दर एका जागी बदलता येत होता त्यांचे काम क्षणात झाले. बाकीच्यांना प्रत्येक बाब उघडावी लागली असणार. आपल्या परिस्थितीत नेमके काय लागू होते ते करसल्लागाराला विचारूनच ठरवावे.

एक्सेल पुरेसे आहे का?

महिन्याला दोन-तीन कामे घेणाऱ्या आणि एकट्याने हिशेब करणाऱ्या ठेकेदाराला, आमच्या मते, नीट बांधलेली एक्सेलची किंवा विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसची तक्तावही पुरते. मोजमाप, दर, बाबी आणि कोटेशन अशी चार पाने, आणि सूत्रांच्या चौकटींना कुलूप. तक्तावहीचा खरा धोका निराळाच आहे. बेरजेच्या सूत्राखाली नवी ओळ घातली की ती बेरजेत येत नाही आणि कागदावर काहीच चुकलेले दिसत नाही. दोन-तीन माणसे एकाच वेळी कोटेशन देऊ लागली, किंवा प्रत्यक्ष खर्चाशी तुलना हवी असली, की स्वतंत्र प्रणालीचा विचार सुरू करावा. प्लॅनस्विफ्टसारखी नकाशावर बोट फिरवून क्षेत्रफळ काढणारी साधने नकाशा असेल तरच कामाची. बिल्डरट्रेंडसारख्या परदेशी प्रणालींचा आवाका मोठा आहे. परंतु त्यांचे भाडे डॉलरमध्ये असते, आणि वर्षाला चार न्हाणीघरे करणाऱ्याला ते परवडण्यासारखे नाही.

भाषेचा मुद्दा दुय्यम समजला जातो, तो तसा नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू असते, काही घरांत कन्नड. कोटेशन वाचणारे मराठीत किंवा आपल्या भाषेत वाचू इच्छितात. प्रणाली युनिकोड स्वीकारते का आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरे फुटत तर नाहीत ना, हे छापून पाहावे. ‘प्लास्टर’मधला ‘प्ल’ तुटला की ग्राहकाचा विश्वासही थोडा तुटतो. जुन्या श्रीलिपीतील नोंदी असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतील.

चाचणी कशी घ्यावी?

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहून निर्णय करू नये. तो नेहमी सरळ चौकोनी खोली दाखवितो. आपली पूर्ण झालेली तीन कामे निवडावीत: एक नफ्याचे, एक तोट्याचे, एक ज्यात जादा काम निघाले असे. त्यांची मूळ मोजमापे चाचणीच्या मुदतीत प्रणालीत भरावीत आणि निघालेला आकडा प्रत्यक्ष खर्चाच्या वहीशी ताडून पाहावा. तोट्याच्या कामात प्रणालीने धोक्याची कोणती खूण दाखविली असती, हा प्रश्न विचारावा. तिसऱ्या कामात जादा बाब नोंदवून, ग्राहकाची सही घेऊन, नवी रक्कम काढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. दुरुस्तीच्या धंद्यात तंटे येथेच होतात, मूळ कोटेशनवर क्वचित.

शेवटी विक्रेत्याला लेखी दोन गोष्टी विचाराव्यात. भाडे थांबविल्यावर आपला दरकोश आणि जुनी अंदाजपत्रके एक्सेलच्या स्वरूपात पूर्ण बाहेर काढता येतात का? आणि इंटरनेट नसताना, तळघरात किंवा खेड्यावरच्या साइटवर, मोबाइलवर मापे लिहिता येतात का? पहिल्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले तर चाचणीच्या काळातच एकदा ती फाइल काढून उघडून पाहावी.