कावसजीचे नाक आणि दोन भुवयांमधला पूल

मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळुरूचा किल्ला जिंकला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेचा तळ तेथे पडला. त्या फौजेचा जीव तोफांइतकाच बैलांत होता. दोनच महिन्यांनी श्रीरंगपट्टणसमोर बैल इतके मेले, की वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्या हाताने निकामी करून कॉर्नवॉलिसला बंगळुरूकडे परतावे लागले. अशा युद्धात बैल हाकणारा माणूसही शत्रूच्या नजरेतून सुटत नसे. कावसजी हा असाच एक गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आले.

पुढची हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापली गेली. कावसजी हे नाव पारशी वाटते. पण त्या मजकुरात त्याला मराठा शेतकरी म्हटले आहे. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ वीट करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. अशी शस्त्रक्रिया पाहणारे मुंबईचे दोन इंग्रज वैद्य, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांची नावे छापली गेली. चित्रकार जेम्स वेल्सचे नाव आजही अभ्यासकांना ठाऊक आहे. शस्त्र चालवणाऱ्याची मात्र फक्त जात नोंदवली गेली.

कृती अशी होती. मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची. दोन भुवयांमधली अरुंद पट्टी मात्र कापायची नाही. जुन्या जखमेच्या कडा ताज्या करून, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तेथे घेतलेल्या छेदात तिची कड बसवायची. वर ओल्या काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या. विड्यात घालतात तोच कात. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी तोडायची.

या कृतीला आज सर्रास ‘त्वचारोपण’ म्हटले जाते. शस्त्रक्रियेच्या भाषेत तो ‘फ्लॅप’ होय, ‘ग्राफ्ट’ नव्हे, आणि हा भेद केवळ शब्दांचा नाही. कोकणातील आंबा लावणाऱ्याला तो सहज कळेल. भेटकलमात फांदी मूळ झाडालाच जोडलेली असते. रोपाशी तिचा सांधा जुळला की मगच ती तोडतात. कोयकलमात काडी आधीच तोडलेली असते. फ्लॅप म्हणजे भेटकलम: भुवयांमधल्या पट्टीतून रक्त वाहत राहते आणि नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत कातडी जगते. आजचे शल्यविशारदही कपाळावरील फ्लॅप भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या रोहिणीच्या आधाराने उचलतात आणि साधारण तीन आठवड्यांनी जोड तोडतात. रोहिणीचे नाव त्या कारागिराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. काय तोडायचे नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी वापरण्याची रीत आहे, तीही फ्लॅपचीच. गालापासून कपाळापर्यंतचा हा बदल कोणी आणि केव्हा केला, हे ग्रंथ सांगत नाहीत. तो ज्यांच्या हातून झाला, ते लिहिणारे नव्हते.

मासिकातील हकिकतीनंतर जोसेफ कार्पू या शल्यविशारदाने मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. भूल देण्याचा शोध अजून लागायचा होता.

पूर्ण सुटी केलेली कातडी जगवणे हे निराळेच कोडे होते. पॅरिसच्या रेव्हर्दँने १८६९ मध्ये त्वचेचे बारीक कण उघड्या जखमेवर लावून ते रुजवले. १८७४ मध्ये थिर्शने पातळ, मोठे पापुद्रे वापरण्याची रीत मांडली. असा पापुद्रा पहिले दोन दिवस खालच्या जखमेतून झिरपणारा द्रव शोषून तग धरतो, मग त्याच्या रक्तवाहिन्या खालच्या वाहिन्यांना जुळतात आणि चार-पाच दिवसांत रक्त खेळू लागते. मधल्या काळात तो हलला किंवा खाली रक्त साचले, तर मरतो. म्हणून त्याला खाली रक्ताने भरलेली जमीन लागते. कावसजीच्या नाकाच्या जागी पोकळी होती; मांडीचा पापुद्रा तेथे सुकून गेला असता.

भाजलेल्या रुग्णाला मात्र हाच पापुद्रा वाचवतो. मांडीवरून तो काढला तरी केसांच्या मुळांतील आणि घामाच्या ग्रंथींतील पेशींपासून तेथे नवी त्वचा भरून येते. शरीराचा फार मोठा भाग भाजला, तर घ्यायला कातडीच उरत नाही. तेव्हा मृत्यूनंतर दान केलेली त्वचा उपयोगी पडते, आणि त्यासाठी बंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात त्वचापेढी आहे. ही परकी त्वचा कायमची टिकत नाही. १९४० च्या दशकात पीटर मेडावर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे शरीराची प्रतिकारशक्ती ती नाकारते. पण नाकारेपर्यंतच्या काही आठवड्यांत ती द्रव झिरपू देत नाही, जंतूंना अडवते, आणि तोवर रुग्णाच्या स्वतःच्या कातडीची पुढची पट्टी काढण्याजोगी होते.