गिटारचा आवाज बसला? आधी केबल पाहा

पांढुर्णा/सौंसर : गणपती, शारदा उत्सव, लग्नसराई, कुठल्याही मंडपात ऑर्केस्ट्रा म्हटला की इलेक्ट्रिक गिटार आलीच. आवाज दबला किंवा खरखरला की सगळे गिटारला नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरला दोष देतात. मधली वायर कोणी बघत नाही.

गिटारचा साधा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. तिचा सिग्नल अगदी नाजूक असतो. केबलमधली आतली तार आणि भोवतीची जाळी यांच्यात थोडा विद्युतभार साठतो; त्याला कपॅसिटन्स म्हणतात. तो मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. म्हणजे ५ मीटरला ५००, १० मीटरला १०००. पिकअप ३ हेन्रीचा असेल, तर नुसत्या केबलच्या हिशेबाने आवाजाची चमक पहिल्या केबलवर ४१०० हर्ट्झच्या आसपास राहते, दुसरीवर २९०० पर्यंत उतरते. कानाला एवढंच कळतं की आवाज बसला. कीबोर्डला मात्र तीच लांब वायर चालते, कारण त्याचा सिग्नल दमदार असतो. बॅटरीवाला पिकअप किंवा गिटारजवळ बफर पेडल असेल तरी लांबीचा फारसा फरक पडत नाही.

सोन्याचा मुलामा दिलेली पिन गंजत नाही, हे खरं. पण तिने आवाज गोड होतो, या बोलण्यावर जास्तीचे पैसे घालवू नयेत. पैसे घालायचेच तर जाड जाळी आणि पक्क्या सोल्डरिंगवर घाला.

कारण केबल मधेच क्वचित तुटते. तुटते ती पिनच्या मानेशी. ही ६.३५ मिलिमीटरची पिन मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधली. अ‍ॅम्प हळू ठेवून पिनजवळची वायर हलवा. खरखर आली तर तिथलं सोल्डर सुटत चाललंय असं समजा. पिन उघडून पुन्हा सोल्डर करता येते, पण साच्यात बंद केलेली पिन कापूनच टाकावी लागते. केबल कोपरावर पिळून गुंडाळू नका, मोठे मोकळे वेढे घ्या. वाजवताना ती पट्ट्यातून ओवून घ्या, म्हणजे पाय पडला तरी ओढ पिनवर येत नाही. रात्री नऊला वायर गेली तर पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर. दुसरी केबल पेटीत हवीच.

स्पीकरची वायर गिटारला लावू नये. तिला जाळी नसते, त्यामुळे मंडपातल्या विजेची ५० हर्ट्झची घूंऽऽ थेट आत येते. उलटही नको, गिटारची बारीक केबल स्पीकरला लावली तर ती तापते आणि अ‍ॅम्पला धोका होतो.

घूंऽऽ घालवायला काही जण थ्री-पिनची अर्थिंगची पिनच काढतात. हे जिवावर बेतू शकतं. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर माइकला हात लावताना विजेच्या धक्क्याने गेला. कार्यक्रम जनरेटरवर असेल तर गिटार जोडण्याआधी मंडपवाल्याकडून अर्थिंग तपासून घ्या.