सोम आणि एक गिरणगाव

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना सगळ्यात महाग पडलेली लढाई कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण 'सोम' म्हणतील. मीही म्हटलं असतं. आता गणित बघा. सोम (1916) : 141 दिवस, मृत, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे 4 लाख 20 हजार. म्हणजे रोजचे साधारण 3000. पुढच्याच वर्षी ॲरासला (गणपतीची आरास नव्हे, फ्रान्समधलं गाव) रोजचे 4000! पण ॲरास कुणाला आठवतं?

पहिला दिवस भयंकर होता हे खरंच. 1 जुलैला 57,470 माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली, त्यातले मेले 19,240. आधी आठवडाभर 15 लाख तोफगोळे टाकले होते. काटेरी तारा शाबूत असल्याच्या खबरा काही ठिकाणांहून आल्याही होत्या. वरून उत्तर काय? ठरल्याप्रमाणे करा. (ओळखीचं वाटतंय ना?)

पण मला वाटतं, खरी मेख भरतीत आहे. 1914 मध्ये 'मित्रांसोबत या, सोबतच लढाल' असं सांगून दोस्तांच्या पलटणी उभ्या केल्या. एका गिरणीतले, एका गल्लीतले. ॲक्रिंग्टन या गिरणगावाची आणि शेजारच्या गावांची अशीच एक पलटण. त्या सकाळी सुमारे 700 जण निघाले, 584 मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. सैन्याच्या हिशोबात ही एक पलटण. गावात मात्र घराघरात तारा आणि पत्रं. हीच माणसं देशभर विखुरलेली असती तर तो नुसता आकडा राहिला असता.

गंमत म्हणजे, तरीही लोक लगेच 'फुकट गेले' म्हणाले नाहीत. तेव्हाचा शब्द होता बलिदान. 1928 मध्ये सेनापती हेग वारला तेव्हा अंत्ययात्रेला तोबा गर्दी लोटली. तोच हेग 1960 च्या दशकात खाटीक ठरला. 1961 मध्ये ॲलन क्लार्कचं पुस्तक आलं, 1964 मध्ये बीबीसीची 26 भागांची मालिका. तोवर सैनिक साठी-सत्तरीचे झाले होते, बोलू लागले होते. 1971 मध्ये मार्टिन मिडलब्रुकने त्यांना गाठून फक्त पहिल्या दिवसावर पुस्तक लिहिलं. उरलेले 140 दिवस मागे पडले. जर्मनांचंही कंबरडं त्यातच मोडत होतं, 1917 मध्ये ते मागे सरले, हा काही इतिहासकारांचा मुद्दा मला बराचसा पटतो. पण ॲक्रिंग्टनमध्ये उभं राहून तो मांडायची माझी हिंमत नाही.

थिएपवालच्या स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशांची 72 हजारांहून जास्त नावं आहेत. रेजिमेंटप्रमाणे कोरलेली. त्यामुळे ईस्ट लँकेशायरची पोरं तिथेही एकाच खांबावर आहेत.